अर्ध्या हवेवर चारशे सात

गाडी कुठेही उभी केली की पहिला प्रश्न ठरलेला, फोर बाय फोर आहे का? आहे. दुसरा, ॲव्हरेज किती देते? सहा, चढाला पाच, आणि हे ऐकून समोरच्याचा चेहरा जो पडतो तो बघण्यासारखा असतो. तिसरा प्रश्न मला न विचारता नवऱ्याला विचारतात, वहिनी चालवतात? तो हो म्हणतो आणि टायर बघायला निघून जातो. पण जो प्रश्न विचारायला हवा तो आजवर एका ट्रक ड्रायव्हरशिवाय कोणी विचारलेला नाही, की बाई, वर हवा संपते तेव्हा ही काय करते?

तर ही म्हणजे टाटा ४०७, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं ओढणारी, नव्वदच्या दशकातली, २९५६ सीसीचं बिनटर्बोचं, म्हणजे हवा आपली आपण ओढणारं इंजिन आणि मागे आम्ही बांधून घेतलेली खोली. चारशे सात म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर काय येतं ते मला माहीत आहे, मार्केट यार्डातला कोबी, मांडवाचं सामान, विसर्जनाचा गणपती. १९८६ साली टेल्कोने (म्हणजे आताची टाटा मोटर्स) ही बाजारात आणली तेव्हा जपानी भागीदारीतले हलके ट्रक नुकतेच इकडे आले होते, त्यातल्या डीसीएम टोयोटा आणि ऑल्विन निस्सान आता भंगारातसुद्धा शोधाव्या लागतात आणि ४०७ अजून बनतेय, ह्याचा मला उगाचच अभिमान आहे, पिंपरीत वाढल्यामुळे असेल. फोर बाय फोर मात्र रस्त्यावर फारशी दिसत नाही, ती बहुतेक सरकारी खात्यांकडे गेली. आमचीही एका खात्याची अँब्युलन्स होती, लिलावात एका व्यापाऱ्याने घेतली आणि त्याच्याकडून आम्ही. डाव्या दारावर ऊन तिरकं पडलं की रंगाखालचा क्रॉस अजून दिसतो, तो आम्ही मुद्दाम घासलेला नाही.

खोली म्हणजे काय, तर लोखंडी पाइपचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये थर्माकोल, आतून प्लाय. भोसरीच्या ज्या बॉडीवाल्याकडे केली तो आयुष्यभर फक्त भाजीचे टेम्पो बांधत आलेला, त्याला खिडकी कशाला लागते हेच पटेना. "ताई, जाळी मारून देतो की, हवा खेळती राहील." शेवटी खिडकी झाली. आत एक पलंग, त्याखाली पाण्याची टाकी (वजन जितकं खाली तितकं बरं, नाहीतर वळणावर पोटात गोळा येतो), एक ओटा, एक फळी जी जेवायची पण आणि माझी लॅपटॉपची पण. सोलरचं एक पॅनल. संडास नाही, आणि त्याबद्दल मला कोणाशी चर्चा करायची नाही.

कागदांचं थोडक्यात सांगते कारण मेल येतात. गाडीत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आधी परवानगी मग वेल्डिंग, उलटं करू नका. मोटर कॅरॅव्हॅन नावाचा वेगळा प्रकार नियमांत आहे. लायसनचं म्हणाल तर एकूण वजन साडेसात टनाच्या आत असेल तर साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन चालतं, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा स्पष्ट केलंय. आणि जुनी डिझेल असेल तर दिल्ली विसरा. दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांचा तो नियम कोर्टात वरखाली होत राहतो पण त्याच्या भरवशावर कोण जाणार, आणि एनसीआर, म्हणजे दिल्लीभोवतीचा राजधानी विभाग, ही नुसती दिल्ली नव्हे, पानिपत कर्नाल रोहतक जिंद सगळे जिल्हे त्यात येतात, तिकडे अलवर पण. म्हणून लडाखला जाताना आम्ही अहमदाबाद, उदयपूर, अजमेर, सीकर, हिसार करत पतियाळाला निघतो आणि मग रोपडवरून मंडी. लांब पडतं. पण पन्नासच्या स्पीडने जाणाऱ्याला लांब काय आणि जवळ काय. पूर्ण राजस्थानभर आणि पुढे हिमाचलच्या नाक्यांवर एकच संवाद, एमएच पासिंग बघून हात दाखवतात, "क्या माल है?" मी म्हणते घर है. "घर का सामान? शिफ्टिंग?" नाही भाऊ, घर. मग दार उघडून दाखवायचं, मग सगळे जण आत डोकावून पलंगाकडे बघतात आणि चहा घेऊन जा म्हणतात.

आता मुद्द्यावर येते.

समुद्रसपाटीला जेवढा हवेचा दाब असतो त्याच्या जवळपास निम्मा मनाली-लेह रस्त्यावरच्या तांगलांग ला ह्या खिंडीत राहतो. उंची ५३२८ मीटर, आपल्या भाषेत साडेसतरा हजार फूट. हे आपण आपल्या दमाच्या संदर्भात वाचलेलं असतं, डोकं दुखतं, जिना चढला की धाप लागते वगैरे. पण गाडीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू हवेवर चालते हे मला पहिल्यांदा वर गेल्यावरच कळलं, इंजिन तर आहेच, पण ब्रेक हवेवर, रेडिएटर हवेवर, शेगडी, हीटर, कुकर सगळं. एकच रोग आणि प्रत्येकाचं लक्षण वेगळं. फोर बाय फोरचा ह्यातल्या एकावरही काडीचा इलाज नाही (ब्रेक सोडून, ते पुढे येतंच). मनाली-लेह रस्त्यावर सीझनभर दहा चाकी ट्रक सिमेंट आणि कांदे घेऊन जातात, सगळे साधे मागच्या चाकांवर चालणारे, त्यांना कोणी विचारत नाही फोर बाय फोर आहे का.

इंजिनापासून सुरू करते. ४०७ हे नाव जुन्या मर्सिडीज पद्धतीचं, चार टन आणि सत्तरच्या आसपास घोडे. वर निम्मी हवा म्हणजे घोडेही निम्मे, चाळीससुद्धा उरले तर नशीब, आणि ओढायचं काय तर चार टनांची खोली. आता गंमत अशी की जुन्या इंजिनाचा डिझेल पंप पूर्ण मेकॅनिकल, त्याला बिचाऱ्याला माहीतच नसतं आपण कुठे आहोत, तो पुण्यात जेवढं डिझेल ढकलतो तेवढंच बारालाचा खिंडीत ढकलतो. हवा कमी, डिझेल तेवढंच, मग जळणार कसं, काळा धूर होऊन मागे जातं. निघायच्या आधी मी आमच्या डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले होते, म्हटलं पंप खोलून डिझेल कमी करून द्या. त्यांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "पंपाला कशाला हात लावायचा, पायाला लावा. धूर दिसला की रेस सोडायची, तेवढीच ताकद आहे तिच्यात, बाकीचं तुम्ही वाया घालवताय." मला वाटलं टाळतायत. पण वर गेल्यावर बघितलं तर शब्दन् शब्द खरं. पेडल पूर्ण दाबा नाहीतर निम्मं दाबा, गाडी त्याच पंधरा-अठराच्या स्पीडने चढते, फरक एवढाच की निम्म्यावर आरशात मागचा डोंगर दिसतो आणि पूर्ण दाबलं की काहीच दिसत नाही. तेव्हापासून चढाला मी स्पीडोमीटर बघत नाही, उजवा आरसा बघते. धूर राखाडी झाला की पाय वर, काळा झाला की गिअर खाली. दुसरा गिअर, तासन् तास दुसरा गिअर. मोरे प्लेन्सचं ते लांबलचक पठार आलं की तिसरा चौथा पडतो तेव्हा एवढा आनंद होतो की काय सांगू.

तो धूर बर्फावर जाऊन बसतो हेही मला माहीत आहे. काजळी बसलेलं बर्फ जास्त ऊन खातं आणि लवकर वितळतं. माझ्याकडे ह्याचं समर्थन नाही, नवी बीएस सिक्स गाडी ह्या बाबतीत माझ्यापेक्षा शंभर पटीने बरी, मी फक्त पाय वर ठेवते आणि वर्षातून एकदाच जाते. पण नव्या गाडीचं दुसरं दुखणं म्हणजे धूर साफ करायला लागणारं ते युरियाचं द्रावण, उणे अकराला गोठतं, आणि सेन्सरने एकदा रुसायचं ठरवलं की सरचूला लॅपटॉप घेऊन कोण येणार आहे? माझ्या गाडीला एकदा इंजिन सुरू झाल्यावर विजेची गरजच नाही. डिझेल लाइनमध्ये एअर पकडली तर नट ढिला करायचा, हँड प्रायमरने पंप मारायचा, बुडबुडे गेले की नट आवळायचा, हे मला येतं आणि माझं शिक्षण बीकॉम आहे.

आता गाटा लूप्स. सरचू सोडलं की पुढे एकवीस वळणं एकावर एक, रस्ता डोंगराच्या अंगावरून वर वर जातो. मध्यावर कुठेतरी बॉनेटमधून वाफ यायला लागली. काटा बघितला तर लालच्या बराच खाली, म्हणजे इंजिन तापलेलं नाहीच आणि पाणी मात्र उकळतंय. पाच मिनिटं काही कळेना. मग लक्षात आलं की एवढ्या उंचीवर उघडं पाणी पंच्याऐंशी डिग्रीच्या आसपासच उकळतं, रेडिएटरची कॅप आत दाब धरून ठेवते म्हणून ते उकळत नाही, आणि आमच्या कॅपचं रबर चिरलेलं. पुण्यात त्या चिरीने काही बिघडलं नसतं. वर मात्र तो रुपयाएवढा रबराचा तुकडा म्हणजेच रेडिएटर.

आणि आता पाणी हवं. आमचं पिण्याचं होतं टाकीत पण तेवढं सगळं ओतलं तर रात्री काय, नवरा वळणाच्या कडेला गेला आणि म्हणाला अगं इथे तर बिसलेरीच्या बाटल्यांचा ढीग पडलाय, भरलेल्या! ज्यांना माहीत आहे ते हसतील. तिथे देवळासारखं एक छोटं ठाणं आहे, एका ट्रकचा क्लीनर बर्फात अडकून तहानेने गेला असं सांगतात, जाणारे येणारे त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणि सिगारेटी ठेवून जातात. तेवढ्यात मागून एक सरदारजींचा ट्रक आला, त्यांनी हॉर्न देऊन थांबवलं आणि खिडकीतूनच ओरडले, "ओ भाईसाब, वो पानी मत लेना!" म्हटलं पाजी आम्ही नाही घेत. उतरले, बॉनेट उघडलं, बघितलं, आणि तो प्रश्न विचारला जो वर लिहिलाय, "मॅडमजी, ऊपर हवा खतम होती है तो ये क्या करती है?" मी म्हटलं धूर. म्हणाले, "और ब्रेक?" त्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

पाणी त्यांनी लगेच घालू दिलं नाही, उकळत्या ब्लॉकवर थंड पाणी पडलं की हेडला क्रॅक जातो, अर्धा तास नुसतं बसवलं, चहा त्यांचा, खारी आमची. मग सीटखालचा डबा काढला, त्यात पाने, वायर, फॅन बेल्ट आणि एक जुनी कॅप, टाटाचीच, जरा घासून बसवली आणि बसली. पैसे घेतले नाहीत. ज्या रस्त्यावर जायचं तिथले लोक जी गाडी वापरतात तिच्याच घराण्यातली गाडी घ्यावी, असं माझं मत त्या डब्यामुळे झालंय. आमच्या ओळखीत एकांनी परदेशी कॅम्पर आणलाय, फार देखणा आहे, दाराला रिमोट आहे, त्याच्या एका होजसाठी ते मनालीत कुरिअरची वाट बघत हॉटेलात राहिले होते.

आणि ब्रेक. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि ह्याबद्दल कोणी लिहीत नाही.

४०७ चे जुने ब्रेक हायड्रॉलिक, आणि पायाला जोर कमी लागावा म्हणून व्हॅक्युमचा बूस्टर. बूस्टर कसा चालतो, तर डब्याच्या एका बाजूला व्हॅक्युम, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि बाहेरची हवा पडदा ढकलते. म्हणजे मदत करते ती बाहेरची हवा! ती निम्मी झाली की मदतही निम्मी. तांगलांग लावरून रुमत्सेकडे उतरायला लागलो आणि पहिल्याच वळणावर पेडल दगडासारखं लागलं. ब्रेक फेल नव्हते, लायनर नवे होते, ऑइल नवं होतं, फक्त जो जोर पुण्यात नुसता पंजा ठेवून मिळायचा त्याला आता पूर्ण मांडी लावावी लागत होती. सीटवर पाठ टेकवून दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट करून दाबायचं. गाडी थांबते. पण पहिल्यांदा तो दगड पायाखाली लागला तेव्हा मानेवरून घाम गेला, बाहेर चार डिग्री असताना.

मग मी काय केलं तर तो फोर बाय फोरचा लो वाला दांडा टाकला, त्याने सगळेच गिअर आणखी खालचे होतात. चिखल नाही, नाला नाही, कोरडा खडखडीत उतार. लो मध्ये दुसऱ्या गिअरला गाडी स्वतःच स्वतःला धरून ठेवते, इंजिन भुंकत राहतं पण वेग वाढत नाही, ब्रेकला फक्त वळणाआधी एकदा स्पर्श. (डांबर कोरडं असेल तर अशा वेळी वळणावर स्टिअरिंग जड होतं, टायर ओरडतात, पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर चालतात आणि मध्ये त्यांना सैल सोडणारं काही नसतं. म्हणून डांबर आलं की काढायचा. तेव्हा तिथला रस्ता खडीचा होता म्हणून चाललं.) लोक विचारतात ना फोर बाय फोर कशाला लागतो, मी सांगते उतरायला. चढायला फार तर दोनचार वेळा लागला असेल, त्यातला एक बातलच्या अलीकडच्या नाल्यात, स्पितीकडे जाणाऱ्या ग्रामफू ते बातल रस्त्यावर. तिथली साधी गोष्ट म्हणजे सकाळी निघा, दुपारनंतर वरचं बर्फ वितळून पाणी वाढतं, सकाळी घोट्याएवढा असलेला नाला चार वाजता हेडलाइटला लागतो. आम्ही सकाळी नव्हतो. पार झालो. एवढंच.

खाण्यापिण्याचं लिहायला मला जास्त आवडतं त्यामुळे आवरते घेणार नाही. चहा वर लवकर उकळतो पण उतरत नाही, पत्ती दुप्पट टाकली तरी रंग येतो आणि चव येत नाही. भात उघड्या पातेल्यात शिजवायचा प्रयत्नच करू नका, बाहेर लगदा आत कच्चा. कुकरची शिट्टी होते वेळेवर, शिट्टीला काय, तिला आत आणि बाहेर ह्यातला फरकच कळतो, पण आतलं पाणी पुण्याएवढं तापलेलं नसतं, त्यामुळे तीन शिट्ट्यांची डाळ सहा शिट्ट्यांनी होते, आणि तूरडाळ सहानेही नाही. वर जाताना मूगडाळ न्या, रात्री भिजवून ठेवा. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे पोहे. पोह्यांना उकळी लागत नाही, नुसते भिजवायचे आणि परतायचे, साडेचौदा हजार फुटांवर पोहे आणि डेक्कनचे पोहे ह्यात काही फरक नाही, फक्त वर लिंबू चोवीस रुपयाला. जिस्पाला एका ढाब्यावरच्या ताईंना करून दिले तर त्यांनी विचारलं ह्याला चावल इतका चपटा कोणी केला.

गॅसचं वेगळंच. आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेन बराच असतो आणि शून्याच्या आसपास तो वाफ व्हायला तयार नसतो, पहाटे शेगडी लावली तर काडेपेटीच्या काडीएवढी ज्योत. पाच किलोचा सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात ठेवलाय, त्याला गोणपाट गुंडाळलंय, आणि सकाळी कोमट पाण्याच्या टबात उभा करायचा, कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकंच. ते कोमट पाणी कशावर करायचं? रात्रीचं थर्मासमधलं. हे सगळं नवऱ्याचं खातं आहे.

हीटर आम्ही डिझेलवर चालणारा चायनीज बसवला होता, मित्रांनी फार कौतुक केलं होतं. खाली मस्त चालतो. वर गेला की त्याचंही तेच, हवा कमी डिझेल तेवढंच, दोन रात्रीत आत काजळी धरून खोकायला लागला आणि मध्यरात्री बंद. आता पंप कमी करून चालवतो आणि मनालीत आल्यावर खोलून साफ करतो, आणि त्याच्यावर विसंबून राहत नाही, दोन गोधड्या आहेत, एक आईची एक सासूबाईंची. खिडकी मात्र कितीही थंडी असो दोन बोटं उघडी, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाशी. बंद खोलीत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपणं म्हणजे सरळ मरण आहे, ह्यात मी गंमत करत नाही.

आणि झोप. कॅम्परचा सगळ्यात मोठा धोका मला विचाराल तर दरी नाही, कुठेही झोपता येतं हा आहे. हॉटेलवाल्याला गाव गाठावं लागतं आणि गाव बहुतेक खाली असतं. आपल्याला काय, त्सो कारच्या काठाला सूर्य बुडतोय, पाय दुखतायत, हँडब्रेक ओढला की घरी. नाही. चढताना जिस्पाला दोन रात्री, दहा-साडेदहा हजार फूट, मग सरचू पांग मोरे सगळं एका दमात ओलांडून पलीकडे उतरायचं, पहाटे पाचला निघायचं आणि जमलं तर उपशीच्या बाजूला झोपायचं, नाही जमलं तर निदान रुमत्से. माझ्या गाडीने ते अंधार पडायच्या आत जेमतेम होतं. सरचूला चौदा हजार फुटांवर झोपलेले लोक पहाटे तंबूबाहेर डोकं धरून बसलेले असतात, त्यांच्याकडे बघून मी शिकले. लेहला पोचल्यावर दोन दिवस गाडी हलवायची नाही, मग हानले, खारदुंग ला, जे काय असेल ते. हानलेला मात्र झोपायचंच, तिथेही चौदा हजार फुटांच्या वर आहे पण तोवर शरीर सरावलेलं असतं, आणि आकाश बघायला छतावर चढायला आपली स्वतःची शिडी असते! दिवे पूर्ण बंद ठेवा पण, तो डार्क स्काय रिझर्व्ह आहे, म्हणजे आकाश बघायला अंधार राखून ठेवलेला भाग, आमच्या पार्किंग लाइटवरून एका खगोलवाल्या पोराने मला चांगलंच झापलं, बरोबरच होतं त्याचं.

मनालीहून लेहकडे जाताना तांडीच्या पेट्रोल पंपावर ती प्रसिद्ध पाटी आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटर. सहाच्या ॲव्हरेजने साठ लिटर म्हणजे माझी पूर्ण टाकी आणि वर देवाचं नाव, म्हणून दोन कॅन कायम भरलेले. उशिरा, म्हणजे ऑक्टोबर सरता सरता जाणार असाल तर साध्या डिझेलमध्ये मेण धरतं, पूर्वी ड्रायव्हर लोक टाकीखाली जाळ करायचे (मी बघितलंय, बघवत नाही), २०१९ पासून लडाखला हिवाळी डिझेल मिळतं, उणे तेहतीसपर्यंत न गोठणारं, ते भरा.

आता टर्बो बसव म्हणणाऱ्यांसाठी. तुमचं बरोबर आहे. टर्बो विरळ हवा दाबून आत भरतो, त्याच इंजिनाचं टर्बोवालं भावंड पुढे निघालंच, आणि ते तांगलांग लाला माझ्यापुढे निघून जातं हे मी प्रत्यक्ष बघितलंय, आत बसलेल्यांनी हात पण केला. पण मग इंजिन नंबर बदलणार, परत ते कागद, परत पंप, क्लच, कूलिंग, आणि ब्रेकला त्याचा काहीच उपयोग नाही. माझी अडचण चढायची नाहीच आहे, मला घाई नाहीये. असले पैसे तर दुसरी व्हॅक्युमची टाकी आणि मोठा बूस्टर बसवेन, त्याचं काम चालू आहे, मिस्त्री म्हणतोय दिवाळीनंतर, कुठली दिवाळी ते म्हणाला नाही.

तुम्हाला अशी गाडी घ्यायचीच असेल तर इंजिनाचा आवाज ऐकून भुलू नका, इंजिन कोणीही बांधून देतो. हातोडी घेऊन जा आणि चेसिसवर ठोकत चला, विशेषतः मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरजवळ, टण्ण आवाज आला पाहिजे, बद्द आला तर आत गंज आहे आणि वरून नवा रंग आहे. ट्रान्सफर केसचा, म्हणजे फोर बाय फोरचा दांडा हाय, न्यूट्रल, लो तिन्हीत पडतो का ते गाडी उभी असताना नाही, चालवून बघा. लो मध्ये उतारावर सोडल्यावर गिअर निसटून बाहेर येत असेल तर विकणारा कितीही म्हणो "एवढं काय नाय ताई, हाताने धरून ठेवायचा", नमस्कार करून निघा.